मृग, माग आणि मार्ग : एका शब्दकुळाचा इतिहास

निफाड तालुक्यातील पिंपळगाव बसवंत हे बाजारपेठेचे गाव मुंबई–आग्रा महामार्गावर वसलेले आहे. जूनचा पहिला आठवडा उजाडला की तेथील द्राक्ष, कांदा आणि टोमॅटो पिकविणाऱ्या शेतकऱ्याच्या तोंडी एक शब्द हटकून येतो : मिरग. मिरग निघाला, मिरग कोरडा गेला, मिरगाची पेरणी साधली. त्याच गावाला लागून जाणाऱ्या रस्त्याच्या पाटीवर दुसरा शब्द असतो : महामार्ग. बोलण्यात त्याला महामार्ग कोणी म्हणत नाही. तो ‘हायवे’ असतो, किंवा जुन्या माणसांचा ‘आग्रा रोड’. एक शब्द शेतातला, तोंडात घासून मऊ झालेला. दुसरा सरकारी पाटीवरचा, छापील आणि अस्पर्श. हे दोन शब्द एकाच कुळातले आहेत याची खूण आजच्या मराठीत वरवर कोठेही उरलेली नाही. साहित्यविचारातील एका प्रतिष्ठित संज्ञेची घडण मात्र याच नात्यात दडलेली आहे आणि त्या संज्ञेवरून मराठी समीक्षेत बराच वाद झालेला आहे. म्हणून या कुळाचा इतिहास थोडा विस्ताराने पाहणे आवश्यक ठरते.

व्युत्पत्तीच्या वाटेवर पहिला धोका ध्वनिसाम्याचा. ‘पिंपळगाव बसवंत’ या नावाच्या उत्तरपदात कन्नड ‘बसव’ ऐकू येतो, आणि बसव हे संस्कृत ‘वृषभ’ शब्दाचे कन्नड रूप असल्याने गावाच्या नावात बैल सापडल्याचा आनंद होतो. राजवाड्यांच्या पिढीने अशा आनंदापोटी ग्रामनामांच्या पुष्कळ उपपत्त्या मांडल्या. त्यांतील काही टिकल्या, काही केवळ वाचनीय राहिल्या. ध्वनीचे साम्य हा पुरावा नव्हे. ध्वनिबदलाचा नियम, अर्थबदलाची शक्यता आणि मधल्या टप्प्यांची कागदोपत्री साक्ष ही तिन्ही जुळली तरच नाते मानावे. मृग आणि मार्ग यांच्या बाबतीत ती जुळतात.

आजच्या मराठी वाचकासाठी मृग म्हणजे हरीण. मृगनयना, मृगजळ, मृगाजिन, कस्तुरीमृग या सर्व शब्दांत तोच नाजूक, बुजरा प्राणी आहे. ऋग्वेदात मात्र मृग म्हणजे कोणताही रानटी पशू. पहिल्या मंडलातील विष्णुसूक्तात विष्णूच्या पराक्रमाला डोंगरात वावरणाऱ्या भयंकर मृगाची उपमा दिलेली आहे. तेथे हरीण कल्पिले तर उपमाच कोसळते, म्हणून भाष्यकारांना तो मृग सिंहासारखा हिंस्र पशू आहे असे सांगावे लागले. हत्तीचा उल्लेख त्याच वेदात ‘हात असलेला मृग’ असा येतो. सोंडेला हात समजून केलेले हे वर्णन पुढे निव्वळ ‘हस्ती’ एवढे उरले आणि त्यातला मृग गळून पडला. संस्कृतातील जुने सामासिक शब्द ही साक्ष अधिक ठळक करतात. मृगराज आणि मृगेंद्र म्हणजे सिंह. तो हरणांचा राजा नव्हे, पशूंचा राजा. शाखामृग म्हणजे वानर, अर्थात फांद्यांवरचा पशू. मृगधूर्त म्हणजे कोल्हा. अमरकोशाने हरणाच्या पर्यायांत मृग दिला आणि अनेकार्थी शब्दांच्या वर्गात पशूंनाही मृग म्हणतात अशी पुस्ती जोडली. म्हणजे अमरसिंहाच्या काळी नवा अर्थ घरचा झाला होता आणि जुना अर्थ कोशात नोंदवून ठेवण्याइतका दुर्मीळ होत चालला होता. तरीही शास्त्रग्रंथांच्या भाषेत तो बराच काळ तग धरून राहिला. तेराव्या शतकातला मानला जाणारा हंसदेवाचा ‘मृगपक्षिशास्त्र’ हा ग्रंथ मारुती चितमपल्ली यांनी मराठीत आणला. त्या ग्रंथाच्या नावातील मृगात सिंह, वाघ, हत्ती असे सगळेच येतात.

महाराष्ट्राच्या दक्षिण शिवेपलीकडे हा जुना अर्थ आजही जिवंत आहे. कन्नडमध्ये मृग म्हणजे श्वापद, आणि प्राणिसंग्रहालयाला तेथे मृगालय म्हणतात. तमिळ मिरुगम्, मलयाळम् मृगम् यांचाही अर्थ पशू असाच. बेळगाव किंवा सोलापूरकडचा द्वैभाषिक मराठी माणूस दोन्ही अर्थ रोज वापरतो आणि त्याला त्यात काही वावगे वाटत नाही. उसन्या घेतलेल्या संस्कृत शब्दाचा प्राचीन अर्थ द्राविडी भाषांनी सांभाळावा आणि संस्कृतोद्भव म्हणविणाऱ्या मराठीने तो गमवावा, ही गोष्ट भाषाकुळांच्या अभिमानाने बोलणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी अशी आहे.

अर्थसंकोचाची हीच घटना इंग्रजीत घडली. आजचा ‘डीअर’ हा शब्द जुन्या इंग्रजीत ‘डेऑर’ असा होता आणि त्याचा अर्थ होता जनावर. जर्मन ‘टीअर’, डच ‘दीअर’ हे त्याचे सख्खे भाऊ आजही सर्व प्राण्यांना व्यापतात. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर इंग्लंडमध्ये फ्रेंच आणि लॅटिन शब्दांचा शिरकाव झाला. ‘बीस्ट’ आला, पुढे ‘अॅनिमल’ आला, आणि जनावर या सामान्य अर्थाची जागा त्यांनी घेतली. दरम्यान राजाची राखीव अरण्ये आणि त्यांतली शिकार यांना कायद्याचे कुंपण पडले होते. त्या शिकारीतले प्रमुख जनावर हरीण असल्याने जुना शब्द त्याच्यापुरता आक्रसला. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मध्ये वेड्याचे सोंग घेतलेला एडगर उंदरांच्या जोडीने हा शब्द उच्चारतो तेव्हा जुना अर्थ शेवटचे डोके वर काढतो. ‘विल्डरनेस’ या शब्दाच्या पोटात तोच डेऑर अजून बसलेला आहे : रानटी जनावरांचा मुलूख.

दोन्ही भाषांतील बदलाची दिशा एक आहे. शिकाऱ्याच्या दृष्टीने ‘जनावर’ म्हणजे ज्याच्या मागे लागायचे ते. आणि जे बहुतेक वेळा सापडते, ज्याचे मांस खाल्ले जाते, ज्याचे कातडे आसनाला लागते, तेच जनावर शब्दावर मालकी सांगू लागते. येथे शब्दाचा अर्थ प्राण्याच्या रूपावरून ठरलेला नाही. तो माणसाने त्याच्याशी केलेल्या व्यवहारावरून ठरलेला आहे. इराणात व्यवहार वेगळा पडला आणि अर्थही वेगळा झाला. अवेस्तातील ‘मरग’ म्हणजे पक्षी; त्याचेच फारसी रूप ‘मुर्ग’. तो प्रथम कोणताही पक्षी होता आणि हिंदुस्थानात येईतो पाळीव कोंबड्यापर्यंत आक्रसला. मृगाजिनावर बसणारा ऋषी आणि हॉटेलातील मुर्ग मसल्लम यांच्यामध्ये एवढेच अंतर आहे. कोकणात मिरगाच्या दिवशी कोंबड्याचे जेवण करण्याची चाल आहे. त्या दिवशी मृग आणि मुर्ग हे फार पूर्वी ताटातूट झालेले भाऊ एकाच पानावर येतात, अर्थात योगायोगानेच.

मराठीने मात्र एका शब्दात त्यांची भेट खरोखरच घडवून आणली आहे. फारसीत या उंच, न उडणाऱ्या पक्ष्याला ‘शुतुरमुर्ग’, म्हणजे उंटपक्षी, म्हणतात आणि हिंदीने तो शब्द जसाच्या तसा ठेवला. मराठीत त्याचा ‘शहामृग’ झाला. ऐकणाऱ्याला वाटावे की हरणांचा बादशहा. पण या शब्दाच्या उत्तरार्धातला मृग फारसीच आहे. मराठी कानाने त्याला ओळखीचा संस्कृत अंगरखा चढविला. लोकव्युत्पत्ती अशी चुकीच्या वाटेने जाऊन कधी कधी बरोबर घरी पोहोचते, कारण ज्याला मृग समजण्यात आले तो मुर्ग मुळात त्याच रक्ताचा होता.

पिंपळगावच्याच तालुक्यात नांदूर मध्यमेश्वर येथे गोदावरीच्या पात्रालगत मृगव्याधेश्वराचे स्थान आहे. पंचवटीतून निघालेल्या सुवर्णमृगाचा पाठलाग करीत राम येथवर आला आणि येथून त्याने बाण सोडला, अशी स्थानिक परंपरा आहे. नाशिक परिसराचा रामकथेशी असलेला संबंध पाहता ही कथा स्वाभाविक वाटते. परंतु ‘मृगव्याध’ हा शब्द रामकथेहून जुना आहे. ऐतरेय ब्राह्मणात प्रजापती हरणाचे रूप घेऊन हरिणीरूप धारण केलेल्या स्वतःच्या कन्येमागे धावतो. हे अकृत्य पाहून देव आपापली उग्र रूपे एकत्र करून एक देव निर्माण करतात आणि तो प्रजापतीला बाणाने विंधतो. विद्ध झालेला वर आकाशात गेला तो मृग, विंधणारा मृगव्याध, तांबूस हरिणी झालेली ती रोहिणी, आणि तीन पेऱ्यांचा बाण म्हणजे त्रिकांडा इषू. विंधणारा हा देव म्हणजे रुद्र. महाभारताच्या आदिपर्वात अकरा रुद्रांची नावे येतात, त्यांत मृगव्याध हे एक आहे. म्हणजे मृगव्याध हे शिवाचेच नाव.

मग मृगव्याधेश्वर या समासाचा विग्रह कसा करावयाचा? मृगाच्या व्याधाचा, अर्थात रामाचा, ईश्वर, असा तत्पुरुष करावा की मृगव्याध हाच ईश्वर, असा कर्मधारय करावा? रामेश्वर या शब्दाच्या विग्रहावरून शिव, विष्णू आणि ऋषी यांच्यात रंगलेला गमतीचा वाद संस्कृत पाठशाळांतून पिढ्यान् पिढ्या सांगितला जात असे. तेथे प्रश्न मोठेपणाचा होता, येथे इतिहासाचा आहे. कर्मधारयाने नक्षत्रकथा उभी राहते, तत्पुरुषाने रामकथा. दोन्ही कथांत एक हरीण आहे जे खरे हरीण नाही, एक बाण आहे आणि एक स्त्री आहे. स्थळाच्या नावाने एक कथा सांभाळावी आणि गावाच्या स्मृतीने दुसरी सांगावी, हे भारतीय तीर्थांच्या बाबतीत वारंवार घडते. अशा ठिकाणी ‘मूळ’ कथा कोणती असे विचारण्यापेक्षा, एका कथेचा शब्द दुसऱ्या कथेला कसा उपयोगी पडला हे विचारणे अधिक फलदायी होय.

लोकमान्य टिळकांनी १८९३ साली प्रसिद्ध केलेल्या ‘ओरायन’ या ग्रंथात याच नक्षत्राच्या आधारे वेदांचा काळ मागे नेण्याचा प्रयत्न केला. त्यांची कालगणना विद्वानांत सर्वमान्य झाली नाही. पण त्या ग्रंथाने वाचकाचे लक्ष एका विलक्षण गोष्टीकडे वेधले : ज्या ताऱ्यांत ग्रीकांनी ओरायन हा शिकारी पाहिला, त्याच ताऱ्यांत भारतीयांनी शिकार पाहिली. शिकाऱ्याला आपल्याकडे वेगळा, अधिक तेजस्वी तारा मिळाला. मराठीत त्याला आजही व्याध म्हणतात. पिंपळगावचा शेतकरी रोहिणीनंतर मृगाची वाट पाहतो तेव्हा तो नकळत ऐतरेय ब्राह्मणातल्याच क्रमाने चाललेला असतो, पुढे रोहिणी आणि तिच्या मागे मृग. पंचांगकर्ते या नक्षत्राला दरवर्षी वाहनही देतात. ते कधी गाढव असते, कधी बेडूक, कधी मोर. आणि वाहनावरून पावसाचा अंदाज बांधला जातो. मृग गाढवावर बसून येतो असे ऐकून कोणाला हसू येत नाही, यावरूनच त्या शब्दातला पशू किती पूर्णपणे विसरला गेला आहे हे कळते.

नांदूर मध्यमेश्वरचे नाव आज देशभर झाले आहे ते पाणपक्ष्यांमुळे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळच्या बंधाऱ्यामागे साचलेल्या पाण्यावर दर हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी उतरतात. १९८६ साली ते अभयारण्य झाले आणि रामसर यादीत त्याचा समावेश झाल्याचे जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाले. महाराष्ट्रातील ते पहिलेच रामसर स्थळ. रामसर हे इराणातील गाव. तेथील भाषेत पाण्यावरच्या बदकाला ‘मुर्गाबी’ म्हणतात. मृगव्याधाच्या पायथ्याशी आज जे शेकडो मुर्गाबी निर्धास्त पोहतात तेही, शब्दाच्या नात्याने, मृगच आहेत.

आता ज्या प्रश्नाकडे यावयाचे तो असा : मराठीत हरणाला मृगापासून झालेला स्वतःचा तद्भव शब्द का नाही? ‘मिरग’ हे रूप उशिराचे, तत्सम शब्द बोलीत मोडून झालेले. आणि ते जनावराला लागत नाही, नक्षत्रालाच लागते. याचे उत्तर महाराष्ट्री प्राकृतात आहे. दोन स्वरांमधला एकटा ‘ग’ या प्राकृतात टिकत नाही. मृगाचे रूप मअ किंवा मिअ असे झाले. पण मदाचे रूपही मअ, मृताचेही मअ, मताचेही मअ. एवढ्या अर्थांचे ओझे दोन स्वरांनी कोठवर वाहावे? प्राकृत कवींना असे श्लेष प्रिय असतील, व्यवहाराला ते परवडत नाहीत. शब्द झिजून गेला आणि ‘हरिण’ त्याच्या जागी आला. शिकारीचे ‘मृगया’ हे नावही बोलीत टिकले नाही. आधी पारध आणि नंतर फारसी शिकार यांनी ते हटविले. अशोकाच्या आठव्या शिलालेखाच्या गिरनारच्या पाठात पूर्वीच्या राजांच्या विहारयात्रांतील ‘मगव्या’चा, म्हणजे मृगयेचा, उल्लेख आहे; तिच्या जागी आपण धर्मयात्रा सुरू केल्याचे तो राजा सांगतो. याच लेखाचा एक तुकडा १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना सोपाऱ्यास सापडला, म्हणजे हा मजकूर एके काळी कोकण किनाऱ्यावरही कोरलेला होता.

मृगापासून निघालेल्या दुसऱ्या शब्दाचे नशीब वेगळे होते. संस्कृतात ‘मार्ग’ हा मृग शब्दाला वृद्धी होऊन झालेला मानतात : मृगाचा तो मार्ग, जनावराच्या जाण्यायेण्याने पडलेली वाट. ऋग्वेदात वाटेसाठी पंथा, अध्वन्, गातु असे शब्द येतात. मार्ग हा नंतरच्या संस्कृतातला. त्याच्याच जोडीला शोधणे या अर्थाचा धातू आहे आणि ‘मार्गण’ या एका नामाचे शोध, बाण आणि याचक असे तिन्ही अर्थ कोशांत दिलेले आहेत. यास्काने निरुक्तात मृगाची व्युत्पत्ती गतिवाचक धातूपासून लावली. आधुनिक भाषाविज्ञान ती तशीच स्वीकारत नाही, पण मृग आणि चालणे यांचा संबंध त्यालाही जाणवला होता एवढे खरे.

मार्गाचे प्राकृतात मग्ग झाले. येथे ‘ग’ जोडाक्षरातला. तो झिजत नाही. मग्गाचा मराठीत माग झाला, आणि मागाने मोठे कुटुंब वाढविले. माग काढणे, माग लागणे, मागोवा हे तर उघडच. ‘मागे’ हे अव्ययही त्याचेच : जो कोणाच्या मार्गाने, त्याच्या पावलांवर, चालतो तो त्याच्या मागे असतो. त्यातून मागचा, मागील, मागास. ‘मागणे’ हे क्रियापद शोधण्याच्या धातूतून आले. शिकार शोधणाऱ्याचा शब्द हळूहळू भिक्षा शोधणाऱ्याचा झाला, आणि भक्तिसाहित्यात तो देवापाशी जाऊन थांबला. झ्यूल ब्लॉक यांच्या मराठीच्या विकासावरील ग्रंथाने आणि १९४६ साली निघालेल्या कृ. पां. कुलकर्णी यांच्या ‘मराठी व्युत्पत्ति कोशा’ने ज्या पद्धतीचा पाया घातला, तिच्या उजेडात ही साखळी सहज तपासता येते. जनावर भाषेतून निसटले आणि त्याचे ठसे तेवढे उरले.

हे ठसे केवळ कोशात उरले नाहीत. मराठी मुलखातील गावगाड्यात माग हा न्यायव्यवहाराचा भाग होता. चोरी झाली की गावच्या जागल्याने, तो भिल्ल, कोळी किंवा रामोशी असे, चोराच्या पावलांचा माग काढावा. तो शेजारच्या शिवेत गेला तर त्या गावच्या जागल्याच्या स्वाधीन करावा. माग आपल्या शिवेबाहेर गेल्याचे दाखविता आले नाही तर भरपाईचा बोजा त्या गावावर पडे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या १८१९ च्या अहवालात या राखणदारीचे वर्णन आहे. म्हणजे ज्यांना अक्षर वाचता येत नव्हते त्यांनी जमिनीवरचे चिन्ह वाचावयाचे, आणि त्या वाचनावर दोन गावांची जबाबदारी ठरावयाची. चिन्हमीमांसेच्या चर्चेत ठसा आणि धूर ही उदाहरणे नेहमी दिली जातात. मराठी समीक्षेने ती पाश्चात्त्य ग्रंथांतून उचलली, घरच्या जागल्याकडे पाहिले नाही. जंगलातला माग ज्यांना सर्वांत चांगला कळत होता त्या पारध्यांना तर १८७१ च्या आणि पुढे मुंबई इलाख्यालाही लागू झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने, तो १९५२ साली रद्द होईपर्यंत, जन्मजात गुन्हेगार ठरविले. माग काढणारा स्वतःच माग काढण्याचा विषय झाला.

साहित्यविचारात ‘मार्ग’ हा शब्द आला तो या सगळ्यापासून दूर, उंच जागी. गेल्या चार-साडेचार दशकांत भालचंद्र नेमाडे यांच्या देशीवादाने आणि १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या गणेश देवी यांच्या ‘आफ्टर अॅम्नेशिया’ने मार्ग आणि देशी या जोडीला आधुनिक समीक्षेत स्थान मिळवून दिले. या मांडणीत मार्ग म्हणजे संस्कृत, अखिल भारतीय, अभिजनांची परंपरा, आणि देशी म्हणजे त्या त्या मुलखाची, लोकांच्या भाषेतली परंपरा. मार्ग वरून येतो, देशी खालून उगवते. या द्वंद्वाची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. इंग्रजीच्या सावलीत वाढलेल्या मराठी समीक्षेला आपल्या मातीचे भान त्याने दिले. पण ही जोडी साहित्यशास्त्रातून आलेली नाही, याकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले दिसत नाही. ती संगीतशास्त्रातली आहे. मतंगाच्या ‘बृहद्देशी’त आणि नंतर तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव सिंघणाच्या दरबारी असलेल्या शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’त ती येते. तेथे मार्ग म्हणजे नियमबद्ध, देवांपुढे सादर झालेले संगीत आणि देशी म्हणजे देशोदेशी लोकांचे मन रिझविणारे.

काव्यशास्त्रात मार्ग या संज्ञेचा इतिहास याच्या जवळजवळ उलटा आहे. दंडीने ‘काव्यादर्शा’त मार्ग ही संज्ञा काव्यशैलीसाठी वापरली, आणि त्याने वर्णिलेले दोन मार्ग कोणते? वैदर्भ आणि गौड. दोन्ही नावे मुलखांची. वाणीचे मार्ग अनेक असून त्यांच्यातील भेद सूक्ष्म आहेत असेही तो बजावतो. म्हणजे मार्ग ही संज्ञा काव्यविचारात आली तीच अनेकवचनात आणि देशाचे नाव कपाळी लावून. नवव्या शतकातल्या राष्ट्रकूट दरबारच्या ‘कविराजमार्गा’त कन्नड कवितेचे उत्तर आणि दक्षिण असे मार्ग सांगितले आहेत, कन्नड देशाची सीमा त्यात कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितली आहे, तीच गोदावरी जी नांदूर मध्यमेश्वरला वळसा घालून जाते. ग्रंथाच्या नावात मार्ग आणि ग्रंथाचा विषय देशभाषा! पुढे कुंतकाने मार्गांना देशांची नावे देणे अमान्य केले आणि सुकुमार, विचित्र, मध्यम असे मार्ग कवीच्या स्वभावावरून ठरविले. मार्ग देशातून सुटला तो येथे, आणि सुटून कोणत्याही सार्वभौम परंपरेकडे गेला नाही. तो एकेका कवीकडे गेला. काव्यशास्त्रातील मार्ग ही देशीची प्रतिपक्षी संज्ञा नव्हतीच. संगीतातील जोडी उचलून ती साहित्याच्या इतिहासावर बसविताना हा सगळा तपशील वाटेत सांडला.

येथे व्युत्पत्तीचा आधार घेताना सावधगिरी हवी. मार्ग शब्दाच्या मुळाशी जनावराची पायवाट आहे म्हणून मतंगाचा मार्गही पायवाटच, असे म्हणणे हा तर्कदोष होईल. शब्दाचे मूळ म्हणजे शब्दाचा अर्थ नव्हे. तसे असते तर शाखामृगाला आज हरीण समजण्याची पाळी आली असती. परंतु शार्ङ्गदेव स्वतः या शब्दाची फोड करतो. ब्रह्मादिकांनी जो ‘मार्गित’ केला, म्हणजे शोधून काढला, तो मार्ग, असे तो म्हणतो. त्याच्या दृष्टीने मार्ग आधीच बांधून ठेवलेला राजरस्ता नाही. देवांनाही तो शोधावा लागला. या एका भूतकालवाचक धातुसाधितात शिकाऱ्याचा जुना अर्थ शास्त्रकाराच्या लेखणीत जागा झालेला दिसतो. अर्थात त्याला मृग आठवला असेल असे नाही. देशीवादाच्या पुरस्कर्त्यांनी आणि विरोधकांनीही मार्ग ही संज्ञा स्थिर, पूर्वसिद्ध वस्तूसारखी हाताळली; परंपरेने स्वतः तिची व्याख्या शोधाच्या क्रियेवरून केली होती.

मराठी समीक्षेने मार्ग हा तत्सम शब्द संज्ञा म्हणून घेतला आणि माग हा तद्भव शब्द बोलीवर सोडून दिला, यात देशीवादाच्या दृष्टीनेही एक विसंगती आहे. ज्या वादात देशीची बाजू मांडावयाची त्या वादाची दोन्ही पदे संस्कृत शास्त्रग्रंथांतून यावीत? घरचा शब्द हाताशी होता. तो केवळ शेतकऱ्या-पारध्यांचा नव्हता. मराठी वाङ्मयाच्या आरंभीच्या एका महत्त्वाच्या पद्धतिविषयक विधानात तो आलेला आहे. १२९० साली पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या शेवटच्या अध्यायात ज्ञानेश्वर आपल्या ग्रंथरचनेविषयी बोलतात तेव्हा व्यासांशी असलेले नाते सांगण्यासाठी ते ‘मागोवा’ हा शब्द योजतात. पुढे गेलेल्याच्या पावलांचा शोध घेत, भाष्यकारांना वाट विचारीत आपण आलो, असा त्यांचा आशय आहे. संस्कृत मूळ आणि मराठी टीका यांच्या संबंधाची ही कल्पना अनुवादाची नाही, विरोधाचीही नाही. व्यास दिसत नाहीत, त्यांचा ठसा दिसतो, आणि तो वाचण्याची जबाबदारी मागून येणाऱ्याची आहे. नरहर कुरुंदकरांनी आपल्या समीक्षालेखांच्या संग्रहाला ‘मागोवा’ हेच नाव दिले. संज्ञा म्हणून त्या शब्दाची चिकित्सा मात्र झाली नाही. ‘मागोवा घेणे’ हा परिसंवादाच्या निमंत्रणपत्रिकेतला वाक्प्रचार होऊन तो गुळगुळीत झाला.

ज्ञानेश्वरी सिद्ध झाली ते नेवासे प्रवरेच्या काठी आहे. प्रवरा थोड्याच अंतरावर गोदावरीला मिळते, आणि त्या संगमाच्या पलीकडे कायगाव आहे. नांदूरहून सुटलेल्या बाणाने विद्ध झालेल्या सुवर्णमृगाची काया तेथे पडली म्हणून ते कायगाव, अशी तेथील लोकव्युत्पत्ती आहे. भाषाशास्त्र ती मानणार नाही. नाशिकपासून प्रवरासंगमापर्यंतच्या गावांनी मात्र, एकेका गावाच्या नावाला एकेक ठसा समजून, गोदावरीच्या काठाने त्या हरणाचा माग लावून ठेवला आहे.